मधल्या खोलीतली वायर
माळा साफ करताना काळ्या वायरचा वीतभर तुकडा हाती लागला आणि कराडच्या हॉस्टेलातली ती दुपार आठवून पुन्हा डोक्यात तिडीक गेली. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला होता. पहिल्या खोलीतल्या कॉम्प्युटरने इंटरनेटवरून क्रिकेटची कॉमेंट्री घ्यायची, ऐकता ऐकता शेजारच्या खोलीला द्यायची, तिने पुढच्या खोलीला; सगळ्या खोल्या एकाच काळ्या वायरने जोडलेल्या. पाटाचं पाणी एका रानातून दुसऱ्या रानात सोडतात, अगदी तसंच. सर तपासायला आले आणि मुद्दाम शेवटच्या खोलीत बसले. तापलेल्या मॉनिटरवरच्या धुळीचा वास, पंख्याची घरघर, आणि खरखरत का होईना, कॉमेंट्री येत होती. सर हसले, आणि तेवढ्यात आवाज गेला. मी धावत गेलो, तर मधल्या खोलीतला बागायतदाराचा लेक वायर उपसून तिचा तुटका तुकडा हातात घेऊन बसलेला. "माझं मशीन लय स्लो हुतंय रं. मला मिळालं की झालं, फुडच्यांचं फुडं." वायर एका जागी तुटली की सगळ्यांचंच बंद पडतं, हे त्या शहाण्याला चारदा सांगितलं होतं. त्याचंही बंदच पडलं होतं, तरी गडी हसत होता. वर मागून आलेल्या सरांना म्हणाला, "आवं सर, ह्याचा प्रोग्रामच कच्चा हाय," आणि सरांनी ते मानलं. आता हा माणूस इस्लामपुरात सहकारावर व्याख्यानं देतो. परवाच त्याच्या पुढच्या व्याख्यानाचं निमंत्रण आलंय. जाणार आहे मी, आणि आहेर म्हणून हा तुकडा नेणार आहे.