स्तांकाचं पातेलं आणि तळघरातला टीव्ही

पातेल्याच्या तळाशी चार बोटं चोर्बा उरलेला दिसला आणि स्तांकाचं पित्त खवळलं. आजचा हा सलग नववा दिवस. सकाळपासून मंद आचेवर शिजलेलं पांढऱ्या घेवड्याचं सूप, वरून पुदिना, आणि ते टाकून कार्टी अंगणात बर्फाचे गोळे फेकत खिदळत होती.

"राडोस्वेता! ये इकडे, आणखी एक पळी घे!" ती खिडकीतून ओरडली.

"नको मावशी, पोट भरलं!"

"एका वाडग्यात? माझ्या मांजराचंही भरत नाही एवढ्यात!"

राडोस्वेता नुसती हसली आणि पुढचा गोळा वळायला लागली. पंधरा वर्षांची धट्टीकट्टी पोर, गेल्या हिवाळ्यात तीन वाडगे रिचवून वर चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा मागायची. स्तांकाने खिडकी धाडकन लावली.

बल्गेरियातल्या डॅन्यूबकाठच्या तुत्राकानच्या नौका क्लबात ती सव्वीस वर्षं रांधत होती. वल्ही मारणारी वीसेक पोरं-पोरी, चौदा ते सोळा वयाची. हिवाळ्यात डॅन्यूबवर नाव घालणं शक्य नसे, म्हणून तळघरात वल्ह्यांची यंत्रं ओळीने मांडलेली, तोंडं भिंतीकडे. जुन्या कोचांचं म्हणणं असं, की जो भिंत सोसतो तो नदी सोसतो. तासभर भिंतीकडे बघत राबून पोरं वर यायची तेव्हा त्यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे. सगळ्याचा चट्टामट्टा करायची आणि मग बाकांवर आडवी व्हायची, ती आईबाप न्यायला येईपर्यंत. सराव कसा झाला, कोण जिंकलं, हे स्तांकाने कधी कुणाला विचारलं नाही. पोरं गेली की ती पातेल्यात डोकवायची. ते चाटूनपुसून लख्ख असलं की तिचा दिवस चांगला गेला.

आणि आता हा नवा कोच, बोगोमिल. वय बत्तीस, दाढी कोरलेली. त्याने काय केलं, तर भिंतीवर भलामोठा टीव्ही टांगला आणि विनोदी मालिका लावून दिल्या. तळघरातून हसण्याचे लोट वर यायचे. स्तांकाच्या ते डोक्यात जायचं.

"तू पोरांची भूक मारलीस," तिने त्याला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं. "हसत हसत कुणी कष्ट करतं का? करतच नाहीत ती काही!"

"अहो मावशी, यंत्रावर आकडा दिसतो. तेवढंच अंतर कापतात, तेवढाच घाम गाळतात."

"मग खात का नाहीत?"

"पूर्वी कंटाळून वर यायची. तासभर छळ सोसला म्हणून मग जेवणावर वचपा काढायची, आणि उरलेला दिवस लोळायची. आता छळच होत नाही, तर वचपा कशाचा काढणार? बघा की, जेवून लगेच अंगणात पळतायत."

"मला शिकवू नकोस! तुझ्या वयाएवढी वर्षं मी चूल बघतेय," असं म्हणून स्तांकाने त्याच्या हातातलं सफरचंद काढून घेतलं आणि त्याला बाहेर काढलं.

एरवी तिने हेही गिळलं असतं. पण निकुलदेनचा सण तोंडावर आला होता आणि वसंतात ती निवृत्त होणार होती, म्हणजे क्लबातला हा तिचा शेवटचा. तिचे वडील डॅन्यूबवरचे कोळी. नदीवर पोट असलेल्यांचा हा सगळ्यात मोठा सण. घरी भलामोठा कार्प मासा अक्रोड भरून, कणकेत गुंडाळून भाजला जायचा, टेबल दिवसभर आवरायचं नाही, आणि अंधारायच्या आत सगळी आळी माशाचे काटे घेऊन घाटावर जायची. काटे नदीला परत द्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी मासे येतात. ढकलाढकली, गाणी, एखादा हमखास पाण्यात पडायचा. वडील गेले, आळी सोफियाला नाहीतर जर्मनीला गेली. क्लबात स्तांका दर वर्षी कार्प करायची, पोरं दर वर्षी फडशा पाडून बाकांवर लवंडायची, आणि स्तांका दर वर्षी काट्यांचं भांडं घेऊन एकटीच घाट उतरायची, आजकालच्या पोरांच्या आळसाला शिव्या घालत. एकदा, एकदा तरी तिला सगळी आळी मागे हवी होती.

"मावशी, या वर्षी आम्ही सगळे येणार हं घाटावर," राडोस्वेताने आदल्या दिवशी सांगितलंही होतं. "मी सगळ्यांना पटवलंय."

"आधी नीट जेवा. उपाशी पोटी कसले येताय, वाऱ्याने उडून जाल," स्तांका म्हणाली.

रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, निकुलदेनचा मासा अर्धा उरलेला. सणाचा मासा उरणं तिला सोसणारं नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी, क्लबात कुणी नसताना, ती तळघरात उतरली, टीव्हीचा रिमोट उचलला आणि पिठाच्या डब्यात तळाशी खुपसला.

दुपारी दोनला खाली शोधाशोध सुरू झाली. बोगोमिल वर येऊन विचारून गेला. टीव्हीवर चालू करायचं बटणच नव्हतं.

"मला काय माहीत तुमची ती खेळणी?" स्तांका कणीक थापत म्हणाली.

शेवटी यंत्रं सुरू झाली. हसण्याचा आवाज नाही, नुसती घरघर. स्तांकाला बरं वाटलं, अगदी जुन्या दिवसांसारखं.

तासाभराने पोरं वर आली, तोंडं वाकडी, एकमेकांवर वसवस करत. आणि तुटून पडली! तीन कार्प, दोन पाव, लोणच्याची अख्खी बरणी, दह्याचं मडकं. स्तांका वाढता वाढता दमली, कंबर धरली, पण चेहरा फुलला होता. वीस मिनिटांत ताटात काट्यांशिवाय काही राहिलं नाही. बोगोमिल तेवढा हळूहळू जेवत होता आणि तिच्याकडे बघत होता.

तिने टेबल तसंच ठेवलं, काटे मोठ्या भांड्यात गोळा केले, डोक्याला नवा रुमाल बांधला. चार वाजत आले होते, बाहेर उजेड उतरायला लागला होता.

"चला रे, उठा! घाटावर!"

कुणी हललं नाही. बाकांवर, खुर्च्यांवर, चटयांवर वीस पोरं पसरली होती. दोघं चक्क घोरत होते.

"राडोस्वेता! अगं, तू म्हणाली होतीस ना?"

"मावशी," ती डोळे न उघडताच म्हणाली, "इतकं भारी झालं होतं, की उठवतच नाही. तुम्ही व्हा ना पुढे."

याच शब्दांसाठी ती सव्वीस वर्षं रांधत आली होती. आज ते ऐकून तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

ती स्वयंपाकघरात गेली. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, रिमोट बाहेर काढला आणि येऊन बोगोमिलच्या पुढ्यात आदळला. टेबलावर पीठ उडालं.

"सोमवारी लाव तुझं ते," ती म्हणाली. "आणि एक शब्द बोलू नकोस."

"मावशी, मी येतो ना तुमच्याबरोबर."

"तू बस. यांच्या आया येतील न्यायला, कुणीतरी मोठं माणूस हवं इथे."

भांडं कमरेवर घेऊन ती घाट उतरली. पाण्यापाशी पोचेपर्यंत तिने दोनदा वळून पाहिलं. मग वाकून काटे नदीत सोडले, भांडं विसळलं, आणि ते रिकामं भांडं हातात बघून आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचाच राग आला.