भट्टीसमोरचा पहारा

भाजत आलेल्या केकचा वास आधी गोड येत नाही. आधी येतो लाकडाचा धूर, मग डब्याच्या कडेला करपणाऱ्या कागदाची कडवट झुळूक, आणि या दोहोंच्या मागून, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, लोणी, जायफळ आणि संत्र्याच्या सालीचा गंध. डिसेंबरात आमच्या शहरातल्या पंडरी भागात, कापडबाजारामागच्या गल्लीत शिरलं, की हा वास मला हाताला धरून नेतो. आणि खरं सांगू? त्याच्याबरोबर माझ्या मनातला संशयही जागा होतो.

आमची रीतच तशी आहे. या हिंदी मुलखात राहणारी, आमच्या मंडळीतली मराठी ख्रिस्ती कुटुंबं नाताळचा केक विकत आणत नाहीत आणि घरीही भाजत नाहीत. मैदा, लोणी, अंडी, मुरवलेला सुकामेवा, सगळं आपापलं घेऊन आम्ही बिसाहूभैयाच्या भट्टीवर जातो. तो फेटतो, भाजतो. आम्ही बायका उभ्या राहतो. डब्यावर कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी असते, तरी उभ्या राहतो. कुणी विचारलं तर म्हणतो, गप्पा होतात, ऊब मिळते. पण प्रत्येकीचे डोळे परातीवर खिळलेले असतात. आमचं लोणी आमच्याच केकात जातंय ना? काजू कमी तर नाही झाले? सकाळी देवळात पाळक खऱ्या मापाविषयी आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमाविषयी बोलतात, आम्ही मनापासून आमेन म्हणतो, आणि संध्याकाळी परातीवर पहारा देतो! कुणी कधी जायचं हे ठरवण्याचं काम महिला मंडळाने माझ्याकडे दिलं आहे. मी तेलीबांध्याच्या एका खासगी दवाखान्यात भांडार सांभाळते. आलेला प्रत्येक खोका उघडून पाहिल्याशिवाय सही करत नाही. अशा स्वभावाची बाई भट्टीसमोर उभी राहिली, की पहारा चोख होणारच.

गेल्या डिसेंबरात, पाळ्या लावून झाल्या होत्या तेव्हा, मार्थामावशींचा फोन आला. मावशी मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ.

“तो बिसाहू खोकलून राहिला ना वं,” त्या म्हणाल्या. “तू दवाखान्यात कामाले हाय, तुले समजत नाही काय? मंडळात सांग, यंदा भट्टी बदला.”

आणि लगेच, एका श्वासात, आपल्या भाच्याने तेलीबांध्याला नवी बेकरी उघडली आहे, तिथे सगळं काचेचं आहे, हेही सांगितलं. आता मी कुणावर संशय घ्यावा? आजार लपवणाऱ्या बिसाहूवर, की काळजीच्या आडून भाच्याचा धंदा चालवणाऱ्या मावशींवर? माझी सवय सोपी आहे. मी दोघांवरही घेतला.

दुसऱ्याच दिवशी भट्टीवर गेले. बिसाहूने तोंडाला गमछा बांधला होता आणि गमछ्यातूनही खोकला ऐकू येत होता. किती आठवडे झाले हे त्यालाही सांगता येईना. थुंकी तपासली का, असं मी विचारलं. त्याने आधी गल्लीत डोकावून पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, “दीदी, मितानिन मेरे ही पारे की है. आज जाँच को गया, तो शाम तक पूरा पारा जान लेगा. फिर कौन टीन लेकर आएगा? दिसंबर निकल जाने दो.”

मितानिन म्हणजे आमच्याकडची वस्तीवस्तीतली आरोग्यसेविका. बाई चांगली असेल, गुपित पाळणारीही असेल. पण ती कुणाच्या दारात थांबली हे पारा, म्हणजे सगळी वस्ती, पाहतोच. मला बिसाहूचा राग आला. केकला भट्टीच्या आगीत काही होत नाही, पण त्या कोंदट खोलीत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आम्हाला होऊ शकतं, आणि त्याच्या घरच्यांना तर अधिकच. धंद्यासाठी हा माणूस आमच्या फुप्फुसांशी खेळत होता! मात्र घरी परतताना दुसरी बाजूही दिसू लागली. तो आजार लपवत नव्हता, आमची नजर चुकवत होता. परातीवर रोखलेली ती नजर खोकल्यावर पडली तर काय करील, हे त्याने इतक्या वर्षांत ओळखलं होतं.

आणि त्या नजरेखाली मीही उभी राहिले आहे. नाताळात आम्ही रुग्णांना संत्री वाटायला जातो. मागे एकदा एका दवाखान्याच्या दारात एका गृहस्थाने माझी पिशवी अडवली, आत हात घालून संत्री वरखाली केली आणि विचारलं, फळांच्या खाली आणखी काय आणलंय? धर्मप्रचाराची पत्रकं शोधत होता तो; खाली संत्रीच होती. पण त्यानंतर ती रुग्णाच्या हातावर ठेवताना माझाच हात अवघडला; दिलेलं फळही काही लपवल्यासारखं वाटू लागलं. संशय असा असतो. तो निर्दोषाच्याही चालण्यात चोराचा बुजरेपणा आणतो.

मी पाळ्या पुन्हा लावल्या. बिसाहूला आमच्या दवाखान्यात तपासणीला नेलं. तिथे त्याच्या पाऱ्यातलं कुणी नव्हतं. डॉक्टर सांगतील तोवर त्याने भट्टीकडे फिरकायचं नाही, असं ठरलं. भनपुरीत वेगळा राहणारा त्याचा थोरला भाऊ भट्टी पेटवायला आला. फेटायचं काम मंडळाने घेतलं. मंडळाला मी एवढंच सांगितलं, की भैयाला बरं नाही, खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि बाह्या वर करा. नाहीतरी उभ्याच असतो!

मला वाटलं होतं, आता पहाऱ्याचं कारणच उरलं नाही. पण काय सांगू! बिसाहू नव्हता तरी नजरा होत्या. माझं लोणी शेजारणीच्या परातीत तर जात नाही? हिच्या केकात एवढे बेदाणे कुठून आले? मार्थामावशी भाच्याची काचेची बेकरी सोडून आमच्यातच आल्या, वयाला न शोभेल इतक्या जोरात अंडी फेटू लागल्या, आणि काजूची वाटी मात्र पदराखाली ठेवली. तेव्हा कळलं, की संशय बिसाहूच्या हातांत कधी नव्हताच. आम्हीच तो मैद्याबरोबर घरून बांधून आणत होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा बिसाहू परतला. नाताळ तोंडावर आला होता, शेवटचे डबे उरले होते. मावशींनी मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, मले तरी सांग, काय निघालं? मी म्हटलं, डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलंय, तुम्हाला लागणारं तेवढंच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही पदराखाली लपवते आहे. पाहू देत. प्रत्येक खोका उघडणाऱ्या बाईकडे एक तरी खोका न उघडता राहायला हवा. आणि तुम्हीही विचारू नका. तुम्हालाही सांगणार नाही.

त्या संध्याकाळी शेवटचा डबा माझाच होता. ठरवून भट्टीकडे पाठ केली आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहिले. मागे परातीचा आवाज, लाकडाची तडतड. मानेवर डोळे फुटावेत अशी कासाविशी झाली. बिसाहू काम न थांबवता म्हणाला, “पलट जाओ दीदी. आप नहीं देखतीं, तो हाथ नहीं चलता.”

हे आपुलकीचं बोलणं, की धंद्याचं? संशय आलाच. धूर आला, करपल्या कागदाची झुळूक आली. लोण्याच्या गंधाला अजून वेळ होता. मी तशीच पाठमोरी उभी राहिले.