अण्णांची कॅसेट, म्यूटवर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथं ग्रुपवर कुणी भुताखेताचा अनुभव लिहिला की खाली खवचट कमेंट ठरलेली... बहुतेक वेळा माझीच.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊनही देतो. टेपरेकॉर्डरची वायर साउंडकार्डला जोडायची, रेकॉर्ड दाबायचं, स्पीकर म्यूट करून दुसऱ्या कामाला लागायचं. आवाज आतल्या आत फाइलमध्ये जातो, ऐकत बसावं लागत नाही.

माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मागच्या वर्षी ते स्वतःची कॅसेट घेऊन आले – तरुणपणी भजनी मंडळात गायलेली. मी वायर लावली, म्यूट केलं.

"आवाज बंद करून कसलं घेतोयस रं? कुणी ऐकाय नको व्हय?"

"गरज नसते अण्णा. आणि पाऊण तास बसणार कोण?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी टेप थांबवली, अण्णांना म्हटलं, ठेवून जा, करतो. "बघ सवडीनं," म्हणाले आणि गेले. ती सवड मी काढलीच नाही. दिवाळीनंतर अण्णा वारले.

गेल्या महिन्यात एका दुपारी कॅसेट लावली. सवयीनं म्यूटच केलं आणि चहाला गेलो. परत येऊन, आवाज चालू करून फाइलचा शेवट तपासला. भजन संपलं, कोऱ्या टेपची खरखर... आणि अण्णांचा आवाज आला.

"हाय का कुणी हितं?"

गाणाऱ्या अण्णांचा नाही. दात काढल्यावर शेवटची दोन वर्षं जसे बोलायचे, तसा. कॅसेट तर तीस वर्षांपूर्वीची!

कॅसेट पुन्हा लावली, तर टेपवर त्या जागी नुसती खरखर; आवाज फक्त फाइलमध्ये. दुकानातल्या कॉम्प्युटरला माइक नाही. साउंडचं काम करणारा एक मित्र म्हणाला, टेपवर आधीचं काहीतरी राहिलं असेल. पण मग आवाज म्हातारा कसा? मला आजही काही कळलेलं नाही.

दुसरी बाजू मात्र शटर अर्धं ओढून, स्पीकर मोठा करून, समोर बसून पूर्ण ऐकली. अण्णा काही बोलतील म्हणून वाट पाहत होतो. बोलले नाहीत. फक्त गायले.

लई गोड गायचे हो ते. मला हे माहीतच नव्हतं.