धकातेच्या डाव्या हाताला उभा असलेला माणूस

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ते चालायचंच नाही. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी याच नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन कोनाड्यातले देव, दारावरचं लिंबू, आईच्या दंडातला ताईत – सगळं एका टोपलीत भरून बाहेर काढलं. तेव्हापासून कुणाला ताप आला तर दवाखाना, आणि अंधाराची भीती वाटली तर कंदील. भगताचं नावही काढायची सोय नव्हती. वरून मी नोकरी केली पोलिसात. आयुष्यभर प्रेतांचे पंचनामे लिहिले, मसणाच्या बाजूला ड्युटी केली, काही दिसलं नाही. जे दिसलं ते भर उन्हाळ्यात, भर दुपारी, पोलिसांच्याच आवारात दिसलं... म्हणून तर ते पचनी पडत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी रिक्रूट होतो. अमरावती रोडला, वाडीच्या अलीकडे आमचं ट्रेनिंग सेंटर होतं. नाव मुद्दामच लिहीत नाही. जुन्या बराकी, वर कवेलूंचं छप्पर, समोर परेडचं मैदान, आणि दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर. माझ्या शेजारची खाट धकातेची. उमरेडच्या विणकरांच्या घरातला पोरगा, हातमाग सोडून पोलिसात आलेला. बोलायला फटकळ, पण जीव लावणारा.

रिक्रूटांचा आवडता विषय म्हणजे आमचे शिक्षक इथं येण्याआधी कोण होते. कारण ट्रेनिंगमध्ये कुणी आपल्या मर्जीनं येत नाही, असं खात्यात सगळे धरून चालत. ज्याचं वरच्याशी पटलं नाही, ज्याची तब्येत ढासळली, ज्याची पेन्शन जवळ आली, त्याला इथं पाठवायचे. ड्रिलचे उस्ताद फौजेतून आलेले, मांडीत गोळी लागल्यामुळे थंडीत लंगडायचे. कायदा शिकवणारे सर आधी कोर्टात सरकारी बाजू मांडायचे. आवाज बसला आणि इकडे आले. प्रत्येकाच्या येण्याला काहीतरी कारण होतं.

कारण सापडत नव्हतं ते फक्त वैरागडे साहेबांचं.

वैरागडे साहेब आम्हाला तपास शिकवायचे. भंडाऱ्याच्या पट्ट्यात त्यांनी दरोडेखोरांच्या टोळ्या पकडलेल्या. त्यांचं नाव काढलं की जुने हवालदार सावरून बसत. असा माणूस, ऐन उमेदीत, स्वतः अर्ज करून ट्रेनिंगमध्ये आला होता. काहून? कुणाला माहीत नव्हतं. धकाते म्हणायचा, "काहीतरी पाहून आला हा माणूस. डोळे पाय ना त्याचे. बोलते आपल्याशी, पण पायते आपल्या मांगं."

ते खरं होतं. रांगेत उभं केलं की साहेब आमच्या चेहऱ्यांकडे बघत नसत. दोन पोरांच्या मधे जी जागा सुटते, तिथं त्यांची नजर जायची आणि चटकन मागं फिरायची.

शिकवायचे मात्र असे की पुन्हा वाचावं लागू नये. पायाचा ठसा, रक्ताचा डाग, पंच कसे निवडायचे – सगळं हातात धरून दाखवायचे. एकच धडा ते टाळत. शिनाख्त परेड. म्हणजे संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदारानं खांद्यावर हात ठेवून त्याला ओळखायचं. हा धडा दरवर्षी कायद्याचे सर घेत. त्या वर्षी सरांना कावीळ झाली आणि प्रिन्सिपॉल साहेबांनी वैरागडे साहेबांना हुकूम दिला. साहेबांनी आज-उद्या करत ढकललं. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी तो धडा घ्यावाच लागला.

नाटक सोपं होतं. सकाळी धकातेनं कॅन्टीनमध्ये माझ्या समोरून एक पिशवी पळवली. तो चोर, मी साक्षीदार. दुपारी साध्या कपड्यांतली पोरं रिकाम्या बराकीत भिंतीशी रांगेनं उभी केली, त्यात कुठंतरी धकाते. एक रिक्रूट परेड घेणारा तहसीलदार झाला, दोघं पंच. नियम असा की तपास अधिकाऱ्यानं तिथं थांबायचं नाही, म्हणून साहेब बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, जरा घाईतच लावलं.

मी आत गेलो तेव्हा पोरं हसू दाबून उभी होती. तापलेल्या कवेलूंमुळे बराक भट्टीसारखी झालेली. मी रांगेच्या उजव्या टोकाकडून चालत निघालो. धकाते दिसला. आणि त्याच्या डाव्या हाताला अजून एक माणूस दिसला.

तो आमच्यातला नव्हता. चाळिशीचा, हडकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग. एका कानात बाळी. दुसऱ्या कानाची पाळी फाटून दोन फाकी झालेली. मला वाटलं, साहेबांनी आम्हाला फसवायला बाहेरचा कुणी मजूर आणून उभा केला असेल. मी धकातेकडे वळणार, तेवढ्यात त्या माणसानं माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी हळू. नाही... नाही... अशी.

आणि माझा हात उचलला गेला. मी उचलला असं मला आजही म्हणवत नाही. तो हात धकातेला ओलांडून गेला आणि त्या माणसाच्या खांद्यावर पडला. खांदा गार होता. ओला आणि गार, रात्रभर बाहेर राहिलेल्या माठासारखा. त्या उन्हात!

"कोणाच्या खांद्यावर हात ठेवून राहिला बे तू?" धकाते हसत होता. "मी इकडे हाओ ना!"

मी त्याच्याकडे पाहिलं, परत वळलो, तर माझा हात हवेत होता. धकातेच्या पलीकडे रिकामी जागा, आणि त्यानंतरचा पोरगा मला हसत होता. मग हळूहळू सगळ्यांचं हसणं थांबलं. माझं तोंड तसं झालं असणार.

कुणीतरी दार उघडून साहेबांना बोलावलं. ते उंबऱ्यापर्यंत आले, आत आले नाहीत.

"मेश्राम, खरं सांग. मजाक करून राहिला का?"

"नाही सर. इथं एक माणूस उभा होता..."

साहेबांनी मला पुढं बोलू दिलं नाही. त्यांनीच विचारलं, "कोणता कान फाटला होता त्याचा?"

मी कानाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. हे मी शपथेवर सांगतो.

"डावा, सर."

साहेब तिथंच उंबऱ्यावर खाली बसले. धुळीत, युनिफॉर्मसकट.

संध्याकाळी त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं. दिवस अजून मावळला नव्हता. बाईसाहेबांनी चहा आणून ठेवला आणि त्या आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. साहेबांनी एक कप माझ्यापुढं सरकवला. मग बोलायला लागले.

ते एका तालुक्याच्या ठाण्यावर असताना तिथल्या एका घरी दरोडा पडला होता, घरधनी मारला गेला. त्याच्या बायकोनं एक चेहरा बघितलेला. साहेबांनी संशयावरून एक गाडीवान पकडला. शिनाख्त झाली, तहसीलदार होते, पंच होते. बाईनं गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला. तो ओरडला नाही, रडला नाही. नुसती मान हलवत राहिला. खटला उभा राहायच्या आधीच तो जेलात तापानं गेला. आणि पुढच्या पावसाळ्यात खरा दरोडेखोर मालासकट सापडला.

"त्याच्या नंतरची माझी पहिली शिनाख्त," साहेब म्हणाले, "साक्षीदार रांगेसमोर गेला आणि त्यानं मोकळ्या जागेवर हात ठेवला. आम्ही म्हटलं, म्हातारा आहे, चूक झाली असन. मग दुसरा साक्षीदार. मग माझी बदली झाली, तिथंही तेच. सगळे मले तोच कान सांगत. केस पडत गेल्या. म्हणून इकडे आलो... इथं खरी शिनाख्त नसते ना. आणि मले तो कधीच दिसला नाही, मेश्राम. इतक्या लोकाईले दिसला. मले नाही."

मी घाबरत विचारलं, "सर, पण त्या बाईनं त्यालेच काहून धरलं?"

दाराशी उभ्या असलेल्या बाईसाहेब म्हणाल्या, "सांगून टाका ना आता. त्या पोराले दिसला तो. त्याच्यापासून काय लपवता?"

"शिनाख्तीच्या आधी, त्याले ठाण्यात आणलं तेव्हा ती बाई व्हरांड्यात बसून होती," साहेब म्हणाले. "मीच बसवली होती. नीट पाहून घ्या, म्हटलं होतं."

मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि सांगितलं की उद्या पुन्हा परेड घ्यायची. साक्षीदार तूच.

त्या रात्री मी ट्रंक भरली होती. पळून जायचं ठरवलंच होतं. सकाळी धकातेनं ट्रंकेवर बसकण मारली. "नको जाऊ गा. नोकरी जाईन. बापाले काय सांगशील? भूत दिसलं म्हून?" त्या एका वाक्यानं मी थांबलो. माझ्या बापाला मी हे सांगूच शकलो नसतो.

दुपारी पुन्हा तीच बराक, तीच पोरं. यावेळी कुणी हसत नव्हतं. साहेब आत आले. टोपी काढली, पट्टा काढला, दोन्ही एका पंचाच्या हातात दिली, आणि धकातेच्या डाव्या हाताला, त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. दार लावलं गेलं.

मी चालायला लागलो. एकेक चेहरा बघत. हा आपला, हा आपला, हाही आपला... धकाते. त्याच्या बाजूला साहेब. तो माणूस कुठंच नव्हता. अक्षरशः रडू येईल इतकं हलकं वाटलं.

आणि मग साहेबांची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली. माझ्या खांद्यावरून मागं गेली. तिथंच खिळली.

माझ्या मानेला गारवा लागला. ओल्या वाळ्याच्या ताट्यामागून येतो तसा, पण त्याला वाळ्याचा वास नव्हता. कोंदट, आजारी माणसाच्या पांघरुणाचा वास होता. माझ्या गालाजवळून एक हात पुढं आला. सुकलेला, नखं तुटलेली, मनगटावर दोरीचे काळे वळ. मला मान वळवता आली नाही. मी वळवलीही नसती. तो हात कसलीही घाई न करता पुढं गेला आणि साहेबांच्या उजव्या खांद्यावर टेकला. खाकी शर्टाचं कापड बोटांखाली दबलेलं मी बघितलं.

बराकीत आवाज आला – "हाच."

"हो," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे त्याच्यावरच होते. "मीच."

आणि ते भिंतीवरून घसरत खाली बसले.

त्यांना आम्ही पोरांनीच उचलून दवाखान्यात नेलं. ते वाचले. पण उजवा हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी फोटो काढले, हाड नीट, नस नीट, काही दोष सापडला नाही. सलाम ठोकता येत नाही असा पोलीस अधिकारी! त्यांनी लवकर पेन्शन घेतली. जायच्या आधी आमच्या वर्गात आले आणि व्हरांड्यात बसवलेल्या त्या बाईची गोष्ट सगळ्यांसमोर उभ्यानं सांगितली. पुढं ते त्या गाडीवानाच्या गावी जाऊन आले, एवढं मला बाईसाहेबांकडून कळलं. तिथं काय झालं, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. काही वर्षांनी ते गेले.

मी पुढं नोकरीत कितीतरी शिनाख्ती जवळून पाहिल्या. तो माणूस मला पुन्हा दिसला नाही, आणि माझ्या माहितीत कुठल्याही साक्षीदारानं मोकळ्या जागेवर हात ठेवला नाही.

आता कुणी म्हणेल, ऊन लागलं असेल. नागपूरच्या मे महिन्यात ऊन लागून माणसं काय काय बडबडतात, मला माहीत आहे. कुणी म्हणेल, साहेबांच्या मनातलं पाप त्यांच्या अंगात उतरलं. म्हणू द्या. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पहिल्या दिवशीचा तो कान कसाबसा योगायोगात बसवता येतो. पण एक गोष्ट कशातच बसत नाही.

धकाते रिटायर होऊन उमरेडला राहतो. त्याला हात दिसला नव्हता. साहेबांच्या खांद्यावरचा शर्ट दबला, तेवढं मात्र त्यानं पाहिलं. मी त्याला दर भेटीत विचारतो, "हाच" असं कोण म्हणालं? तो दर वेळी माझ्याकडे तसाच बघतो.

"काहून विचारतं गा पुन्हा पुन्हा? तुयाच आवाज होता. आमी सगळ्याईनं आयकला."

त्या रांगेतला प्रत्येक जण हेच सांगतो. पण माझे दात तेव्हा एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की नंतर दवाखान्यात कंपाउंडरला चमचा घालून ते सोडवावे लागले. मी तोंड उघडलंच नव्हतं.