कान धुवायची सनई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवापुढं उभं राहून सांगायची वेळ आली की मी निरांजनाची वात सारखी करत बसतो. तुम्हाला का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. समोरच्याच्या तोंडाकडं बघत हे सांगायचं, एवढी छाती माझ्यात कधीच नव्हती.

आधी तबकड्यांचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही — की मी नुसता वेळ काढतोय? तसंही असेल.

जुन्नरला मी लाकडाला पॉलिश करायचो. कपाटं, पलंग, टेबलं. दुकानाच्या माळ्यावर चावीचा एक ग्रामोफोन होता. कुणीतरी त्याची पेटी चकचकीत करायला टाकून गेला, तो परत आलाच नाही. यासीन माझा दोस्त. हातानं कागद बनवणारी दोन-तीनच घरं तेव्हा गावात उरली होती, त्यातलं एक त्याचं. कागदाचा ताव उन्हाकडं धरून कुठं जाड झालाय, कुठं पातळ, हे तो एका नजरेत सांगायचा. तमाशाच्या वेडात मात्र आम्ही दोघं एका माळेचे मणी. कुठं जत्रा आहे म्हटलं की निघालोच.

रात्रभर ढोलकी-हलगी ऐकली, शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या, की सकाळी कानात नुसतं घणघणतं. झोप म्हणून येत नाही. मग आम्ही माळ्यावर जाऊन कान धुवायचो. हा शब्द यासीनचा. खाली मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून कर्ण्यात फडकं कोंबायचं, एक तबकडी लावायची आणि आडवं व्हायचं. कुठली तबकडी, ते यासीन ठरवणार. त्यात माझं काही चालत नसे. "आज कान लई मळल्यात राव, भजनानं न्हाई निघायचं. सनईच पायजे," असं म्हणून चळतीतून लाल चिठ्ठीची ती सनई तो अचूक उपसायचा. कधी सारंगी काढायचा. कधी तर ठरवता ठरवताच घोरायला लागायचा.

हं. आता त्या जत्रेकडं येतो.

चैत्र होता. महाळुंगे पडवळला जत्रा, आणि तिथल्याच एका बड्या घरचं कपाट मी पॉलिशला घेतलेलं. संध्याकाळी यासीनही येऊन मिळाला. दारूबंदीचे दिवस. पोलीस फिरत होते, त्यामुळं गावठी मिळाली ती घोट-घोटच. यासीन हिरमुसला. आणि माझ्या कामाच्या पिशवीत एक बाटली होती. पॉलिशच्या स्पिरिटची.

ती कुणी काढली? मी काढली. गाळून, वर लिंबू पिळून घेतलं की चालतं, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणत. पण म्हणणाऱ्यांपैकी कुणाला पिताना मी बघितलं नव्हतं. माझ्या पोटात तर आधीची गावठीच ठरेना. मी तंबूमागं जाऊन ओकून मोकळा झालो. माझा वाटाही यासीननंच घेतला. "दगड्या, तुला सोसत न्हाई तर येतूस कशाला?" म्हणत मला हसला. त्या रात्री तो फडापुढं इतका नाचला, की लोक बाईला सोडून त्यालाच बघत होते.

सकाळच्या गाडीनं जुन्नरला आलो आणि माळा गाठला. यासीनचं डोकं ठणकत होतं, पोटात कळ येत होती. उतरेल, मी म्हटलं. कर्ण्यात फडकं कोंबलं, चावी दिली आणि नेहमीसारखं विचारलं, कुठली?

"सनई," तो म्हणाला. चळत पुढ्यात ओढून एकेक तबकडी नाकाजवळ नेऊन बघायला लागला. बराच वेळ. मग त्यातली एक त्यानं माझ्या हातात दिली. ती सनई नव्हती. लावणी होती. चिठ्ठी हिरवीगार.

थट्टा करतोय असं वाटलं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती.

"भायेर लई धुकं पडलंय का रं?" त्यानं विचारलं.

चैत्रात. उघड्या खिडकीपाशी, तोंडावर ऊन घेऊन बसला होता तो. मला तिथंच कळलं. पॉलिशवाल्याला कळणार नाही तर कुणाला? स्पिरिट पिऊन डोळे गेलेल्यांच्या गोष्टी आमच्या दुकानातच ऐकलेल्या होत्या. आणि मी म्हणालो काय? "नशा हाय. उतरंल."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "दगडू, डागदरला बोलीव. मला कायतरी व्हतंय." दगड्या नाही — दगडू. एवढ्या वर्षांत माझं नाव त्यानं पहिल्यांदा नीट घेतलं.

मी गेलो. पळतच गेलो, एवढं खरं आहे. पण जाताना कामाची पिशवी खांद्याला का अडकवली? तेव्हाच माझं ठरलं होतं का? दवाखाना गल्लीच्या टोकाला. डॉक्टर खुर्चीत बसले होते. समोर रोगी नव्हता. मला धापा टाकताना बघून ते अर्धे उठलेच. "काय रे? काय झालं?"

आणि मी — इथवर मी मनातल्या मनात शंभरदा आलोय आणि परत फिरलोय. आज फिरत नाही. मला त्या घडीला यासीन दिसला नाही. मला बाटली दिसली. काय प्यायला, कुणी दिली, हे ते विचारणार. मग पोलीस, मग मालक, मग माझा बाप. मी म्हणालो, "काही नाही साहेब. तुम्ही टेबलाला पॉलिश करायचं म्हणत होतात ना, कधी येऊ?"

"सोमवारी ये," असं म्हणून ते परत बसले.

तिथून मी माळ्यावर गेलो नाही. आधी नदीवर गेलो, बाटली फेकली, हात धुतले. मग परत आलो. "डॉक्टर न्हाईत," मी सांगितलं. "घोडेगावला गेल्यात. रातच्याला येतील."

यासीननं चाचपडत माझा हात धरला. मग म्हणाला, "बरं. मग सनई तरी लाव."

मी लावली. संपली की पुन्हा लावली. दुपारभर. त्यानं माझा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता, त्यामुळं चावी डाव्या हातानं द्यावी लागत होती.

संध्याकाळी त्याची आई शोधत आली, तेव्हा त्याला दिवा दिसत नव्हता. तिनं एसटीत घालून पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे, सकाळीच काही केलं असतं तर थोडी तरी नजर राहिली असती. परत आल्यावर त्या माउलीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "बेटा, तू था उसके पास," म्हणाली. मी उभाच्या उभा मेलो नाही, याची लाज वाटते.

सोमवारी जाऊन मी डॉक्टरांचं टेबल पॉलिश केलं. चांगलं झालं.

बाटली कुणाची, हे यासीनला माहीत होतं. त्यानं ते कधीच कुणाला सांगितलं नाही. जत्रेत कुणीतरी पाजली, म्हणाला. दुसरं, दवाखान्यातलं, त्याला माहीत नाही.

आता आम्ही दोघं म्हातारे झालो. शुक्रवारी नमाज झाली की काठी टेकत तो माझ्याकडं येतो. सनईच्या तबकडीचा कडेला टवका उडालाय, त्यावर बोट ठेवून ती अजूनही स्वतःच निवडतो. कुणी नवा माणूस बसलेला असला की त्याला सांगतो, "ह्या दगडूनं माझ्यापायी लई पळापळ केली. डागदरच गावात नव्हता, त्याला ह्यो काय करनार?"

डॉक्टर गावात होते. खुर्चीतून अर्धे उठले होते.

हे मी तुम्हाला सांगितलं, त्याला नाही. येत्या शुक्रवारी तो येईल, तबकडी काढून माझ्या हातात देईल, आणि मी चावी देईन.