पंपावरचा पारा

रविवारी आमच्या गच्चीवर येणारा पत्रा कधी एकटा येत नाही. सोबत गंज, जळमटं आणि निदान एक किस्सा घेऊन येतो. गंज निघतो, जळमटं निघतात. किस्से मात्र साठत चाललेत.

पत्रा म्हणजे थर्मामीटर हो! पूर्वी ऑइल आणि टायरच्या कंपन्या पेट्रोल पंपांना भिंतीवर लावायला द्यायच्या, तो. हातभर लांब, रंगीत जाहिरात आणि मधोमध काचेची नळी. आम्ही तिघं असे पत्रे शोधतो आणि दुरुस्त करतो. मी चिंचवडचा, एका कंपनीच्या, मोजमापाची यंत्रं तपासायच्या कॅलिब्रेशन रूममधून रिटायर झालेला. सुनंदाताई शाळेच्या प्रयोगशाळेतून. आणि कुरुळीचे दत्तूभाऊ, सकाळी शेतात आणि दुपारी वर्कशॉपमध्ये.

* * *

पहिला पत्रा गच्चीच्या भिंतीवर लावला, तेव्हा सोसायटीतला एक आयटीवाला बघून खूश झाला.

"काका, भारी! याचं ॲप कुठलं?"

"अरे, नुसतं मान वर करून बघायचं!"

आता तो रोज ऑफिसला जाताना गच्चीवर चक्कर मारतो. म्हणतो, मोबाइलवर चिंचवडचं तापमान दिसतं, आपल्या बिल्डिंगचं दिसत नाही.

* * *

जुन्या नळीतली लाल रेघ मध्येच तुटते. नळी बर्फात ठेवली की हळूहळू जोडली जाते. मला धीर कुठला! मी नळी सरळ उकळत्या पाण्यात बुडवली.

फट्! माझा शर्ट लालेलाल.

"पारा उडाला!" मी ओरडलो.

"पारा नव्हे, रंगीत स्पिरिट," सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या. "आणि शाळेत असता, तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला!"

तेव्हापासून गरम काहीही नळीजवळ न्यायचं नाही, हा त्यांचा कायदा आहे.

* * *

दत्तूभाऊंची एक खोड. पत्रा कितीही देखणा असो, ते जाहिरात बघायचेच नाहीत. उलटा धरून आधी खालचा भाग पुसायचे, निरखायचे आणि बाजूला ठेवायचे. एकदा मी विचारलंच.

त्यांचे वडील, आबा, चाकणच्या एका पंपावर पेट्रोल भरायचे. दिवसभर उन्हात उभं. मालकाचा नियम होता, पारा चाळीसला गेला की सगळ्यांनी अर्धा तास सावलीत बसायचं. आबा चहाचा गरम गिलास हळूच नळीच्या बुडाशी टेकवायचे, पारा चढवायचे आणि हाळी द्यायचे, "चाळीस झालं! बसा रं समदी!"

"एकदा आभाळ भरून आल्यालं, अन् पारा चाळीसवर!" दत्तूभाऊ सांगत होते. "मालक आला, पाऱ्याकडं बघितलं, वर बघितलं. म्हनला, 'आबा, आज चहा लवकर आला वाटतं?' अन् तरीबी बसू दिलं!"

आम्ही पोट धरून हसलो. दत्तूभाऊही हसले, मग म्हणाले, "रस्ता रुंद झाला, पंप गेला, पत्रा कुठं गेला ठाव न्हाई. आबाचा एकबी फोटू न्हाई आमच्याकडं. त्या पत्र्यावर गिलासाचा डाग हाय, तेवढाच."

त्या रविवारी मला पुढे काम सुचलं नाही. माझ्या वडिलांचे अल्बम भरून फोटो आहेत आणि मी ते कित्येक वर्षांत उघडलेले नाहीत.

* * *

राजगुरुनगरच्या पुढे एका वस्तीवर कोंबड्यांच्या खुराड्याला असाच पत्रा दार म्हणून लावलेला दिसला. नळी गायब. दत्तूभाऊ गुडघ्यावर बसले आणि शर्टाच्या बाहीने खालची घाण पुसू लागले. पिवळ्या रंगावर तपकिरी, अर्धगोल डाग. त्यांनी त्यावर बोटं ठेवली आणि उचललीच नाहीत.

"पत्रा न्या की," खुराड्याची मालकीण म्हातारी म्हणाली. "पन आधी दुसरं दार करून द्या! कोंबड्या काय तुमच्या गच्चीवर धाडू?"

मी आणि दत्तूभाऊंनी इस्त्रीच्या कपड्यांत दुपारभर फळ्या ठोकल्या. दार इतकं दणकट झालं, की म्हातारीलाच उघडेना!

* * *

सुनंदाताईंनी नवी नळी बसवून दिली. रंगाला आम्ही हात लावला नाही. थंडीतल्या एका सकाळी दत्तूभाऊंच्या ओसरीवर पत्रा लावला. पारा सोळावर. आम्ही कुडकुडत अंगणातल्या उन्हात खुर्च्या मांडून बसलो. वहिनींनी चहा आणला.

दत्तूभाऊंनी चहा प्यायला नाही. गिलास घेऊन ते भिंतीपाशी गेले आणि बरोबर त्या डागावर टेकवला.

नळी फुटणार! मी ओरडायला तोंड उघडलं, तर सुनंदाताईंनीच माझी बाही धरून मला गप्प केलं.

लाल रेघ चढत गेली. वीस. तीस. पस्तीस. चाळीसला दत्तूभाऊंनी गिलास बाजूला घेतला आणि पत्र्याकडे बघतच म्हणाले,

"आबा, चाळीस झालं. बसा आता."

आम्ही दोघं मुकाट्याने उन्हातून उठलो आणि सावलीत जाऊन बसलो.