कवेलू वाचवणारा बॅट्समन

धानाचा व्यापारी बोरीचं, म्हणजे पोत्याचं, तोंड पाहून भाव करत नाही. वरती नेहमी चांगलाच माल असतो. आम्ही बोरीच्या पोटात परखी खुपसतो, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, आणि मधला धान तळहातावर घेऊन बघतो. या सवयीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणून लिलावात मी अर्ध्याहून जास्त पॉइंट एकाच माणसावर लावले आणि सगळा सभामंडप हसला, तेव्हा मला त्या हसणाऱ्यांची कीव आली.

लिलाव क्रिकेटचा होता. आमच्या कोंढा गावाकडे धान कापून झाला की बांध्या, म्हणजे धानाची लहान शेतं, मोकळ्या होतात. मग दोन-चार बांध्यांमधले धुरे, म्हणजे मातीचे बांध, ट्रॅक्टरने सपाट करायचे, मधे मॅट टाकायची आणि टेनिस बॉलची स्पर्धा लावायची. प्रत्येक टीममालकाला सारखेच पॉइंट मिळतात आणि त्यातच खेळाडू घ्यायचे असतात. मालक म्हणजे कोण, तर खताचा दुकानदार, ट्रॅक्टरवाला आणि माझ्यासारखा राइस मिलवाला. पण बोली सुरू झाली की सगळ्यांच्या मानेत असा ताठा येतो, विचारू नका!

मी घेतलेला खेळाडू वरठीच्या स्टील प्लांटमध्ये कामाला होता. मनगटं खलबत्त्यातल्या बत्त्यासारखी. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि आता तो पुनर्वसनाच्या वस्तीत राहायचा. सिक्स मारायचा ते थेट बॉलरच्या डोक्यावरून, पण फक्त तिकडेच. हे एकदा कळल्यावर समोरच्यांनी दोन माणसं सरळ मागे उभी करायला सुरुवात केली आणि हा कॅच देऊन परत येऊ लागला. त्याच्या जुन्या टीमने त्याला सोडून दिलं.

"भाऊजी, एकाच दिशेचा बॅट्समन आहे तो," माझा मेहुणा म्हणाला. टीममध्ये त्याची अर्धी भागी, आणि जिभेची पूर्ण. "लोकायनं टाकलेला माल तुमी कायले उचलून राहिले?"

पण मी परखी लावून आलो होतो. लिलावाच्या आधीच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्या वस्तीत गेलो. घरांच्या दोन रांगांमधल्या लांबट पट्ट्यात ही मंडळी खेळत होती. मी हापशीजवळ उभा राहिलो. एक बॉल त्याच्या पायांवर आला. कोणीही तो डावीकडे झोडपला असता. याची कंबर वळली, खांदा वळला, आणि शेवटच्या क्षणी त्याने मनगटं फिरवून बॅट सरळ केली. अर्ध्या वाटेतून माघारी वळवलेला तो फटका! तरीही बॉल पाण्याच्या टाकीवरून पलीकडे गेला. माझ्या अंगावर काटा आला. हात बांधलेला माणूस एवढं लांब मारतो, तर सुटल्यावर काय करेल?

"बाजूले काहून मारत नाही?" मी त्याला विचारलं.

त्याने घरांकडे बोट केलं. सगळ्या छपरांवर जुनी काळपट कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होती. "ते जुन्या गावचे आहेत, सेठजी. पाणी येयाच्या आंधी लोकायनं घरावरून उतरवले अन् ट्रॅक्टरनं आणले. आता तसे भेटत नाही. कवेलूवर मारला का आउट. अन् फुटला तर ज्यानं मारला त्यानंच वर चढून बसवाचा."

बस्स! घरी परतताना मी मोटरसायकलवर एकटाच हसत होतो. सगळ्या तालुक्याने ज्याला खोट समजलं, ती वस्तीची रीत होती. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "रीत असो का खोट, बॉल तर सरळच जाते ना? हा या वर्षी नाही चालला तर याले पुढं कोणी फुकटातबी घेणार नाही. तुमच्या हौसेपायी त्याचं खेळणं बंद पाडसान."

त्याचं बोलणं खरंच ठरू लागलं. पहिल्या मॅचमध्ये सरळ कॅच. दुसऱ्यात सरळ कॅच. मी त्याला हजारदा समजावलं की इथे कवेलू नाहीत, मोकळं रान आहे. तो "हव सेठजी" म्हणायचा, बॅटिंगला जायचा आणि शेवटच्या क्षणी मनगटं फिरवायचा. आमचे बॉलर चांगले म्हणून आम्ही कसेबसे फायनलला पोचलो. त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "आज नाही झालं तर पुढच्या लिलावात माहं नाव टाकू नका. लाज वाटते."  त्याच्यावर हसायला सभामंडपाला कारण मीच तर दिलं होतं.

फायनल आमच्याच गावात होती. मैदानाच्या डाव्या अंगाला माझी मिल. शेवटची ओव्हर आली, एका सिक्सने जिंकत होतो, आणि समोर तोच. त्यांच्या कॅप्टनने दोनच्या जागी तीन माणसं सरळ मागे लावली. डावीकडे चिटपाखरू नाही! बॉल पायांवर आला, याची कंबर वळली, खांदा वळला, नजर माझ्या मिलच्या टिनाच्या छपरावर गेली आणि मनगटं पुन्हा फिरली. फटका सरळ. नशिबाने कॅच सुटला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा छप्पर बघून थांबतो! कवेलू असो की टीन, कोणाच्या तरी घरावरचं ते छप्परच.

मी खुर्ची लाथाडली आणि धुऱ्यावरून पळत सुटलो. वय, पोट, धोतर, कशाचंच भान नव्हतं. अंपायर ओरडत होता, मेहुणा कपाळ बडवत होता. मी मिलच्या टिनाच्या भिंतीवर दोन्ही हात आपटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "इकडं मार, बाबू! माह्याच टिनावर मार! फुटला तर फुटू दे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. लांबून चेहरा दिसला नाही, पण त्याने बॅट जमिनीवर आपटली ती दिसली.

पुढचा बॉल पुन्हा पायांवर. कंबर वळली, खांदा वळला, आणि मनगटं या वेळी फिरलीच नाहीत. बॉल माझ्या डोक्यावरून गेला. धाडकन आवाज झाला, मिलवरची कबुतरं उडाली, टिनाचा जुना गंजका पत्रा एका कोपऱ्यात उसवला आणि मी लहान पोरासारखा नाचलो. खताच्या दुकानदाराने आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मेहुणा सगळ्यांना सांगत फिरत होता, "मी तर आंधीच म्हणलो होतो!" असा आनंद मला उभ्या हयातीत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलवर गेलो तर छपराला शिडी लागलेली. ड्युटी संपवून तो थेट वरठीहून आला होता. वर बसून उसवलेला पत्रा खिळे ठोकून बसवत होता.

मी खालून तडकलो. "उतर आंधी! तुले कोणी सांगतलं? तो नियम तुह्या गावचा आहे, इथला नाही."

हातोडी थांबली. त्याने खाली वाकून पाहिलं. रागावला नव्हता, पण त्याला नवल वाटलेलं दिसत होतं.

"मंग मी कोणत्या गावचा आहो, सेठजी?"

 शिडीचा एक पाय डगमगत होता. मी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली, आणि त्याचा शेवटचा खिळा बसेपर्यंत तशीच धरून उभा राहिलो.